कॅमेरा कुठे ठेवला?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. गुडघ्याचं निमित्त होतं, आणि खरं सांगायचं तर विषयही सुचत नव्हता. परवा नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, लिहिणं सोडलं का? मी रोज उघडून बघते आणि बंद करते." कुणीतरी रोज उघडून बघतं म्हटल्यावर लिहायला हवंच.

आजचा विषय माझा नाही, असं काही जण म्हणतील. मी जन्मभर मराठी, इतिहास आणि वेळ पडली तर विज्ञान शिकवलं. सिनेमाच्या तंत्राशी माझा संबंध काय? पण सत्तरीनंतर कुठल्या विषयात नाक खुपसायचं याची परवानगी कुणाला मागावी लागत नाही, हा म्हातारपणाचा एक फायदा आहे.

तर झालं असं. दिवाळीत मुलगा पुण्याहून जऊळक्याला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्याने त्याच्या लॅपटॉपवर 'थ्री ऑफ अस' हा हिंदी सिनेमा लावला. मी तो आधी एकदा बघितला होता, तरी बसले. शैलजा नावाची मध्यमवयीन बाई. तिची स्मरणशक्ती हळूहळू जाणार आहे हे तिला कळलेलं आहे. सगळं पुसलं जाण्याआधी, लहानपणी ती ज्या गावात काही वर्षं शाळेत होती, त्या वेंगुर्ल्याला एकदा जाऊन यावं असं तिला वाटतं. एवढीच गोष्ट. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. शेफाली शाह, जयदीप अहलावत आणि स्वानंद किरकिरे यांची कामं अशी की ही माणसं कामं करताहेत असं वाटतच नाही.

सिनेमा संपला आणि नावांची पाटी सुरू झाली. मुलगा म्हणाला, "आई, संपला. बंद करू?"

मी म्हटलं, "थांब. मला एक नाव वाचायचंय."

ते नाव होतं अविनाश अरुण. पूर्ण नाव अविनाश अरुण धावरे. दिग्दर्शन त्यांचं, आणि छायाचित्रणही त्यांचंच. याच सिनेमाच्या छायाचित्रणासाठी त्यांना 2024 साली फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

मला हे नाव का वाचायचं होतं, तो या लेखाचा विषय. पण त्याआधी आपल्या सगळ्यांच्या एका वाईट खोडीबद्दल बोलते. त्यात मीही आले.

आपण सिनेमा बघतो म्हणजे काय बघतो? नट-नट्या. मग गाणी. फार झालं तर दिग्दर्शक. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, 'छायाचित्रण उत्तम.' दोन शब्द, झालं. ज्या माणसाच्या डोळ्यांनी आपण अडीच तास बघत होतो त्याची बोळवण दोन शब्दांत. लग्नात जेवण करून उठताना आचाऱ्याचं नाव कोण विचारतं? तसंच हे.

माझंच उदाहरण देते. 'गांधी' सिनेमा आला तेव्हा मी शाळेतल्या मुलांना तो दाखवायला नेलं होतं. 1983 च्या एप्रिलमध्ये त्या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना, जॉन मोलो यांच्यासोबत. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हे मी पुढची पंचवीस वर्षं प्रत्येक वर्गाला सामान्य ज्ञानात विचारत आले. योग्यच होतं ते. पण त्याच रात्री छायाचित्रणाचं ऑस्करही 'गांधी'लाच मिळालं होतं. बिली विल्यम्स आणि रॉनी टेलर या दोन इंग्रज कॅमेरामनना. दोघांना का, तर चित्रीकरणाच्या मध्येच विल्यम्स यांची पाठ धरली आणि टेलर यांना काम पुढे न्यावं लागलं. अंत्ययात्रेचा तो अफाट जनसमुदाय आठवतो ना? तो आपण कुणाच्या तरी डोळ्यांनी बघितला होता. ही दोन नावं मला कळली चाळीस वर्षांनी! म्हणजे चाळीस वर्षं मी 'गांधी' बघितला असं सांगत होते, आणि तो मला दाखवला कुणी हे मला माहीत नव्हतं.

आपल्या मराठी माणसांच्या बाबतीतही मी काही वेगळं केलं नाही. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, दादासाहेब फाळक्यांचा, हे चौथीतलं पोरही सांगेल. फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन तिथून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत कोण उभं होतं? त्र्यंबक तेलंग. फाळक्यांनीच त्यांना ते काम शिकवलं होतं. हाताने दांडा फिरवायचा, आणि तोही एका लयीत. हात घाईत आला की चित्र बिघडलं.

पुढे 'प्रभात' आली. 'अमृतमंथन' 1934 चा. त्यात चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा! दुरून टिपणारी लांब भिंग वापरून घेतलेला. कॅमेऱ्यामागे केशवराव धायबर, जे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक होते. आणि 'संत तुकाराम', 1936 चा. तो तर आमच्या लहानपणीही जत्रेतल्या तंबूत लागायचा. पडद्यासमोरची जागा भरली की आम्ही पोरं पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. तिकडून चित्र उलटं दिसायचं, डावं ते उजवं. मला कितीतरी वर्षं तुकोबा डावखुरे आहेत असंच वाटायचं! हसू नका. वैकुंठाचं विमान आलं की बायका तिथल्या तिथे हात जोडायच्या. दामले आणि फत्तेलाल यांचं नाव आम्हाला माहीत होतं, विष्णुपंत पागनीसांचं तर होतंच. पण ज्यांच्या कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं त्या व्ही. अवधूतांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. त्याला नव्वदीच्या आसपास वर्षं होत आली. आणि मी अवधूत हे नाव पहिल्यांदा वाचलं ते निवृत्तीनंतर.

"एवढं काय त्यात?" असं कुणी विचारेल. नटाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं, बटण दाबलं, झालं. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आमच्या पुतणीच्या लग्नात हळदीचेच म्हणे आठशे फोटो निघाले. त्यातला एकही नंतर कुणी उघडून बघितलेला नाही.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते. तंत्र जाणणाऱ्यांनी चुकलं तर सांभाळून घ्यावं. गोष्ट लेखक लिहितो, नट ती जगतात, दिग्दर्शक सगळ्याची मोट बांधतो. पण ती गोष्ट आपण कुठे उभं राहून बघायची, हे कॅमेरामन दिग्दर्शकाच्या बरोबरीने ठरवतो. दाराच्या आत उभं राहून, की उंबऱ्याबाहेरून? रडणाऱ्या बाईच्या समोर जाऊन, की तिची पाठ बघत? उजेड कुठून येऊ द्यायचा, किती अंधार राहू द्यायचा, हेही त्याच्याकडेच. म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे हे आपल्याला कळण्याआधीच त्याने ठरवून टाकलेलं असतं. कॅमेरा कुठे ठेवला यातच एक मत असतं. हे वाक्य मी कुठून उचललेलं नाही. ते मला 'किल्ला' बघताना सुचलं, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ती पुढे सांगते.

आधी 'किल्ला'विषयी. अविनाश अरुण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये छायाचित्रण शिकले. ही संस्था 1960 मध्ये प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. म्हणजे जिथे अवधूतांनी कॅमेरा लावला त्याच आवारात हा मुलगा कॅमेरा शिकला. 'किल्ला' हा दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला सिनेमा, आणि कॅमेराही स्वतःच सांभाळला. 2014 च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं, आणि ते देणारे परीक्षक कोण, तर लहान मुलं! मुलांच्या परीक्षक मंडळाने दिलेला पुरस्कार. मला तर तो मोठ्यांच्या पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो. मुलं तोंडदेखलं बोलत नाहीत, हे छत्तीस वर्षं वर्गात उभं राहून शिकले आहे. त्याच वर्षाचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. 2015 च्या जूनमध्ये तो थिएटरात आला.

त्याच वर्षी 'मसान' आणि हिंदी 'दृश्यम' हे दोन्ही आले, दोन्हींचा कॅमेरा अविनाश अरुण यांचाच. एकात बनारसचा घाट, एकात गोवा. पुढे 'हिचकी', 'कारवां'. 2020 मध्ये 'पाताल लोक' ही मालिका आली, तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी ते एक. आणि मग 'थ्री ऑफ अस'. पहिला सिनेमा कोकणात, आणि इतकं सगळं फिरून पुन्हा कोकणातच. माणूस आपल्याच लहानपणाकडे फिरून फिरून येतो, त्यातला हा प्रकार असावा.

'किल्ला'ची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिन्मय नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. वडील वारलेले. आई सरकारी नोकरीत, तिची पुण्याहून कोकणात बदली होते. नवं गाव, नवी शाळा, नवी पोरं. आईची भूमिका अमृता सुभाषने केली आहे. मुलगा झालाय अर्चित देवधर. पाऊस, समुद्र, सायकली, किल्ला. शेवट सांगत नाही.

हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तोही मुलाबरोबरच, त्याच्या पुण्याच्या घरी. बघायला बसले ती आईच्या बाजूने. साहजिक आहे. मीही बदलीची बाई. जिल्हा परिषदेची नोकरी. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, तो झाला 1998 मध्ये. सगळा कारभार अकोल्याहून. यजमान दुसऱ्या गावी नोकरीला, आठवड्याने यायचे. बदलीचा कागद आला की मी, दोन पेट्या, स्टोव्ह आणि हा मुलगा. दहावीपर्यंत त्याच्या पाच शाळा झाल्या. माझ्या मनात ही गोष्ट कायम अशीच होती की बघा, मी किती सोसलं. नातेवाइकांना ती मी कितीदा ऐकवली आहे, तुम्ही साक्षीदार आहात.

पण तो कॅमेरा आईच्या बाजूने उभा राहीना. राहतो अधूनमधून, आईचा एकटेपणाही दिसतो, नाही असं नाही. पण पुष्कळ वेळ तो पोराबरोबर चालतो. नव्या वर्गात शिरताना सगळी डोकी एकदम वळतात ते आपल्याला त्या पोराच्या जागेवरून दिसतं. घरात आई कामात असते आणि आपण मात्र पोराबरोबर गप्प बसून असतो. किल्ल्यावर पावसात तो एकटा सापडतो तेव्हा तर माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात माझा मुलगा उठून पाणी प्यायला गेला. बराच वेळ आला नाही. चाळिशीतला माणूस, दोन मुलांचा बाप. आला तेव्हा म्हणाला, "आई, मेडशीला मी पहिले पंधरा दिवस मधल्या सुट्टीत डबा नळाच्या मागे जाऊन खायचो. माहीत होतं तुला?"

मला माहीत नव्हतं. मी त्याच शाळेत होते! बाईंचा मुलगा म्हणून पोरं त्याला जवळ घेत नव्हती, आणि तो ते मला सांगत नव्हता. मी स्टाफरूमच्या खिडकीतून रोज ते मैदान बघत होते. नळाची मागची बाजू तिथून दिसत नव्हती.

एवढंच. खिडकी चुकीच्या बाजूला होती. तीस वर्षांनी एका अनोळखी माणसाने कॅमेरा योग्य जागी ठेवला तेव्हा मला नळामागचा मुलगा दिसला. म्हणून मी ते नाव वाचते. आता सांगा, 'छायाचित्रण उत्तम' एवढ्यावर याची बोळवण कशी करू?

दुसरी एक गोष्ट सांगते. ही याआधी कुणालाच सांगितलेली नाही.

1984 च्या आसपासची. एका खेड्यातल्या शाळेत मी सातवीला होते, म्हणजे शिकवायला. फेब्रुवारी-मार्चमधली दुपार. बाहेर ऊन आणि धूळ, म्हणून खिडक्यांच्या फळ्या लावून घेतलेल्या. वर्गात अंधारच. एक मुलगा फळ्याकडे न बघता सारखा बाजूच्या भिंतीकडे बघत होता. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा जवळ गेले आणि एक ठेवून दिली. मग भिंतीकडे बघितलं. खिडकीच्या फळीला गाठ निखळून पडलेलं एक भोक होतं. त्यातून आत येणाऱ्या उजेडात समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रस्ता दिसत होता. अंधूक, पण दिसत होता. उलटा. आभाळ खाली, जमीन वर, आणि एक बैलगाडी चाकं वर करून संथपणे चालली होती.

वाचकहो, तोच सूचिछिद्र कॅमेरा. त्याच वर्षी तो मी फळ्यावर आकृती काढून शिकवला होता. मेणबत्ती, खोका, भोक, उलटी प्रतिमा. पाठ करून घेतला होता. आणि तो खुद्द माझ्या वर्गात भिंतीवर चालू असताना, बघणाऱ्या एकट्या मुलाला मी मारलं. तेव्हा चूक कबूल करायला हवी होती. सगळ्या वर्गाला भिंतीकडे वळवायला हवं होतं. मी काय केलं? भोकात कागदाचा बोळा कोंबला आणि धडा पुढे सुरू केला.

तो मुलगा तीन-चार वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. केस पांढरे झालेले, शेती करतो, पाया पडला. मी धीर करून विचारलं, "तुला ती भिंतीवरची बैलगाडी आठवते का रे?" तो थोडा वेळ आठवत राहिला. मग मोकळेपणाने हसून म्हणाला, "चित्र-गित्र काई याद नाई, बाई. तुमी मारलं हे याद हाये."

सिनेमात असता तर तो मोठा कॅमेरामन झाला असता आणि पुरस्कार घेताना माझं नाव घेतलं असतं. खऱ्या आयुष्यात चित्र पुसलं गेलं आणि मार राहिला.

आता माझं मत सांगते, म्हणजे लेख अर्धवट राहायला नको. आपल्या शाळा मुलांना वाचायला शिकवतात, लिहायला शिकवतात, गणितं घालतात. बघायला कोणीच शिकवत नाही. उलट बघणाऱ्याला 'लक्ष कुठे आहे?' म्हणून दरडावतात. चित्रकलेचा तास म्हणजे राहिलेलं गणित पुरं करायचा तास, हे मीही केलेलं आहे. आठवड्याला एक तास, फक्त एक, मुलांना काहीही न लिहिता नुसतं बघू द्या. सकाळी दहाला शाळेच्या अंगणातल्या लिंबाची सावली कुठे असते आणि चारला कुठे? कौलातून पडणारा कवडसा गोलच का असतो? आजीचा चेहरा चुलीच्या उजेडात वेगळा आणि ट्यूबलाइटखाली वेगळा का दिसतो? याला खर्च शून्य. मास्तरांना नवं प्रशिक्षण नको. परीक्षा तर मुळीच नको, नाहीतर त्याचंही गाइड निघेल.

आमच्या घरातले व्यवहारी लोक (तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे!) म्हणतील, "बघून पोट भरतं का? सगळेच थोडे अविनाश अरुण होणार आहेत?" नाही होणार. मराठी शिकलेली सगळी मुलं तरी कुठे लेखक झाली? पण मराठी शिकवणं आपण बंद केलं नाही.

आणि होणारा सुद्धा सरळ होत नाही. इंग्लंडमध्ये रॉजर डीकिन्स म्हणून एक कॅमेरामन आहेत, जन्म 1949 चा, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे. तिथल्या फिल्म स्कूलने त्यांना पहिल्यांदा प्रवेशच दिला नाही. मग त्या वर्षात या माणसाने काय केलं? डेव्हन नावाच्या आपल्याच ग्रामीण भागात फिरून खेड्यातल्या माणसांचे, जगण्याचे फोटो काढले. आणि पुढच्या खेपेला प्रवेश मिळवला. पुढे मोठे झाले, ऑस्करसाठी नामांकन मिळत गेलं, पण तेरा वेळा नुसतं नामांकनच. चौदाव्या खेपेला, 2018 मध्ये, 'ब्लेड रनर 2049' साठी मिळालं. दोन वर्षांनी '1917' साठी पुन्हा. 2021 मध्ये तिथल्या राणीने सर हा किताब दिला. मला यातली ऑस्करं फार महत्त्वाची वाटत नाहीत. मला महत्त्वाचं वाटतं ते नाकारलेलं एक वर्ष. दार बंद झाल्यावर तो मुलगा लंडनच्या रस्त्यांवर न हिंडता आपल्या भागातल्या खेड्यांकडे वळला आणि त्यांच्याकडे नीट बघत बसला. आपल्याकडे एखाद्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला 'वर्ष वाया गेलं' असं सांगायची पद्धत आहे.

यावरून एक गाऱ्हाणं. मराठी कॅमेरा कोकणात जातो, पश्चिम महाराष्ट्रात जातो. जाऊ दे. कोकण देखणं आहेच. पण आमच्या वऱ्हाडाकडे तो कधीतरीच वळतो, आणि वळला की त्याला फक्त भेगाळलेली जमीन दिसते. 'गाभ्रीचा पाऊस' (2009) चांगला सिनेमा होता आणि त्यातलं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. त्या दुःखाच्या घरी मी स्वतः जाऊन आले आहे. पण आमच्याकडे फक्त तेवढंच नाही. दसऱ्यानंतर सोयाबीन निघतं तेव्हा संध्याकाळच्या उन्हात मळणीयंत्राची जी सोनेरी धूळ उडते ती कुणी टिपली आहे? थंडीत तुरीच्या पिवळ्या फुलांवर धुकं असतं ते? आमच्या जऊळका स्टेशनातून पूर्वी मीटरगेजची गाडी जायची. अंधार पडल्यावर शेतातून बघितलं की डबे दिसायचे नाहीत, नुसत्या उजेडाच्या चौकटी एकामागे एक सरकत जायच्या. प्रत्येक चौकटीत एक माणूस. कुणी खातंय, कुणी पेंगतंय, कुणी बाहेर अंधारात बघतंय. 2008 मध्ये ब्रॉडगेज झाली, गाड्या वेगाने जाऊ लागल्या. मी 2009 मध्ये निवृत्त झाले. त्या चौकटी आता फक्त माझ्या डोक्यात आहेत, आणि डोकं किती दिवस साथ देईल हे 'थ्री ऑफ अस' बघितल्यापासून जरा जास्तच मनात येतं.

हे टिपणारा कुणी बाहेरून येणार नाही. अविनाश अरुण कोकणात रमले ते त्यांचं लहानपण तिथे होतं म्हणून. वऱ्हाडाचा उजेड ज्याने लहानपणी बघितला असेल त्यालाच तो कळेल. तो मुलगा किंवा मुलगी आज मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, अशा कुठल्यातरी वर्गात बसून भिंतीकडे बघत असेल. माझी शिक्षकांना हात जोडून विनंती आहे, की मारण्याआधी एकदा भिंतीकडे बघा.

आणि तुम्हा वाचकांना एक साधं काम देते. सवय आहे, गृहपाठ दिल्याशिवाय तास संपत नाही. पुढच्या वेळी सिनेमा आवडला तर संपल्याबरोबर उठू नका, बंद करू नका. कॅमेरामनचं नाव वाचा आणि घरात मोठ्याने सांगा. मग स्वतःला विचारा, मी हे कुणाच्या शेजारी उभं राहून बघितलं?

मुलगा पुण्याला परत निघाला तेव्हा मी त्याला नळाबद्दल पुन्हा विचारलं. मेडशीला, डब्यात काय असायचं रे? तो म्हणाला, "पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. छान असायची. तू सकाळी पाचला उठून करायचीस, ते मला झोपेतून दिसायचं."

म्हणजे तो बघत होता. मीच बघायला कमी पडले.

असो. आज इतकंच. गुडघा दुखतोय आणि नणंदबाईंचा फोन यायची वेळ झाली.